पत्त्यातलं गाव, दस्तातलं गाव

माझं माहेर पाचगावचं. कोल्हापूर शहर कुठं संपतं आणि पाचगाव कुठं सुरू होतं, हे नवख्या माणसाला दाखवूनही कळायचं नाही, इतकी घराला घरं लागलेली. आम्हाला मात्र हद्द पक्की ठाऊक होती. अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत. ‘हद्दवाढ’ हा शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. हद्दवाढ हवी म्हणणारी कृती समिती, नको म्हणणारी कृती समिती, गाव बंद, मोर्चा, निवेदन. १९७२ साली कोल्हापूरची महापालिका झाली आणि पुढं कित्येक दशकं तिची हद्द होती तिथंच राहिली.

लग्न होऊन मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात आले. वीस वर्षं झाली, मी इथं टायटल सर्चचं काम करते. घर विकलं जाण्याआधी त्या जागेचे जुने दस्त, गहाणखतं, थकलेले कर शोधायचे आणि अहवाल द्यायचा. आपल्याकडे वकील सर्च रिपोर्ट देतात, तेच काम. हद्दीचा प्रश्न पाचगावात सोडून आले असं मला वाटत होतं. या कामात पडले आणि कळलं की तो इथं माझ्या कितीतरी आधी येऊन राहिला आहे. त्यातून जे शिकले ते लिहून ठेवते. व्हर्जिनियात नव्यानं येणारी मराठी मंडळी दर महिन्याला मला हेच विचारतात.

१. इथलं शहर जिल्ह्यात नसतं.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत काउंटी म्हणजे आपला जिल्हा, आणि शहर त्या काउंटीच्या पोटात. व्हर्जिनियात तसं नाही. इथं ‘सिटी’ झालेलं गाव काउंटीतून पूर्ण बाहेर पडतं. नकाशात काउंटीच्या मधोमध असेल, चारही बाजूंना काउंटी असेल, तरी ते काउंटीचं नाही. राज्यात ९५ काउंट्या आणि ३८ अशा स्वतंत्र सिट्या आहेत. उरलेल्या सगळ्या देशात मिळून अशी फक्त तीन शहरं: मेरीलँडमधलं बाल्टिमोर, मिझुरीतलं सेंट लुईस आणि नेवाडातलं कार्सन सिटी.

आपल्याकडचं उदाहरण दिलं की लोकांना पटकन समजतं. पुणे महापालिकेच्या हद्दीत जिल्हा परिषदेचं काही चालत नाही, तिथले लोक झेडपीला मत देत नाहीत. पण कलेक्टर एकच, जिल्हा न्यायालय एकच, जिल्हा पुणेच. व्हर्जिनियात जिल्हाच सुटतो. काउंटीचा कारभार निवडून आलेलं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स पाहतं. सिटीतल्या माणसाला त्या बोर्डासाठी मत नाही आणि तो काउंटीला करही देत नाही. जनगणना खातंसुद्धा दोघांना वेगवेगळे जिल्हे धरून आकडे देतं. फेअरफॅक्स काउंटीचा क्रमांक ०५९, तर त्या काउंटीनं वेढलेल्या फेअरफॅक्स सिटीचा ६००.

याशिवाय ‘टाऊन’ असतं. व्हिएन्ना आणि हर्नडन ही टाऊन आहेत. ती काउंटीतच राहतात. तिथला माणूस टाऊनचाही कर भरतो आणि काउंटीचाही, मतही दोन्हीकडे देतो. सिटी आणि टाऊन यांतला हा फरक ज्यानं समजून घेतला, त्याला व्हर्जिनियाचं निम्मं राजकारण समजलं.

२. पत्ता पोस्ट खात्याचा असतो.

आम्ही घर घेतलं तेव्हा पत्त्यात लिहिलं होतं: फॉल्स चर्च, व्हर्जिनिया. दाखवणाऱ्या एजंटनंही पहिल्यापासून तेच नाव घेतलं. फॉल्स चर्चच्या शाळांचं नाव मोठं, मुलगी तेव्हा तीन वर्षांची, आम्ही आनंदात होतो. पुढं गाडीचा कर भरायची वेळ आली. इथं गाडीवर दरवर्षी कर असतो आणि गाडी जिथं रोज उभी राहते तिथल्या सरकारला तो द्यायचा असतो. मी फॉल्स चर्चच्या सिटी हॉलमध्ये गेले. खिडकीतल्या बाईंनी पत्ता कॉम्प्युटरवर घातला, मग काउंटरखालून एक घडीचा नकाशा काढला, माझ्यासमोर पसरला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एक जाड रेघ दाखवली. आमचं घर त्या रेघेच्या बाहेर बोटभर. ‘तुम्ही आमच्याकडे नाही, तुम्ही काउंटीत,’ त्या शांतपणे म्हणाल्या. रोज कितीजणांना त्या हे सांगत असतील हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

फॉल्स चर्च ही सिटी जेमतेम दोन चौरस मैलांची. २०२० च्या जनगणनेत तिथं १४,६५८ माणसं होती. पण फॉल्स चर्च हे नाव पत्त्यात लावणारी घरं त्याच्या कितीतरी पट. २२०४२, २२०४३, २२०४४ हे झिप कोड काउंटीतले. फॉल्स चर्च हायस्कूल नावाची शाळा आहे, तीही सिटीत नाही, फेअरफॅक्स काउंटीत आहे. सिटीच्या स्वतःच्या हायस्कूलचं नाव मेरिडियन. अलेक्झांड्रियाचंही तेच. माउंट व्हर्ननच्या बाजूला मैलोन् मैल पत्ता अलेक्झांड्रियाचा आणि सरकार फेअरफॅक्स काउंटीचं.

आमचं नुकसान झालं नाही. काउंटीच्या शाळा चांगल्या आहेत, मुलगी तिथं छान शिकली. पण आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताना आपण कोणत्या सरकारच्या हद्दीत जातोय हे आम्हाला माहीत नव्हतं, ही गोष्ट मला आजही बोचते. पाचगावातल्या आमच्या आजीला सही येत नव्हती, पण आपली जमीन कुणाच्या हद्दीत हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

३. दस्त शोधायचा तर कोर्ट आधी शोधा.

व्हर्जिनियात जमिनीचे दस्त सर्किट कोर्टाच्या कार्यालयात नोंदले जातात. प्रत्येक सिटीला स्वतःचं सर्किट कोर्ट असतंच असं नाही, लहान सिट्या शेजारच्या काउंटीचं कोर्ट वापरतात. फेअरफॅक्स सिटीचे दस्त फेअरफॅक्सच्याच कोर्टात. मनॅसस आणि मनॅसस पार्क या दोन्ही सिट्यांचे प्रिन्स विल्यम काउंटीच्या कोर्टात. फॉल्स चर्चचे मात्र फेअरफॅक्समध्ये नाहीत. ती सिटी आर्लिंग्टनच्या कोर्टाला जोडलेली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका घराचा शोध फेअरफॅक्सच्या सूचीत केला. १९४८ मध्ये फॉल्स चर्च स्वतंत्र झालं, त्याआधी ते फेअरफॅक्समध्ये होतं, त्यामुळे जुने दस्त मला तिथं सापडले. पुस्तकं जुनी, अक्षर सुंदर, मी त्यात रमले. १९४८ नंतरचं काही दिसेना, तर मी ‘बोजा नाही’ असं लिहून मोकळी झाले. माझ्या वरिष्ठ बाईंनी अहवाल वाचला, पत्ता पाहिला आणि मला गाडीत घालून थेट आर्लिंग्टनला नेलं. दोन गहाणखतं होती, दोन्ही न फेडलेली. ते घर घेणारं जोडपं पहिल्या मुलाची वाट पाहत होतं. तो अहवाल तसाच गेला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून फाइल उघडली की मी आधी सरकार लिहिते, मग मालकाचं नाव.

फेअरफॅक्सच्या कोर्टाची एक गोष्ट इथंच सांगते. १८०० सालापासून तिथं न्यायालय आहे. जॉर्ज वॉशिंग्टन आणि मार्था वॉशिंग्टन यांची मूळ मृत्युपत्रं तिथल्या दप्तरात जपलेली आहेत. १९६१ मध्ये फेअरफॅक्स हे टाऊन सिटी झालं आणि काउंटीतून बाहेर पडलं. पण काउंटीचं मुख्यालय आणि कोर्ट तर त्याच गावात! मग कोर्टाची जागा काउंटीकडेच राहिली. आज सिटीच्या पोटात काउंटीचं एक बेट आहे. जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टातून बाहेर पडून रस्ता ओलांडते तेव्हा एका सरकारातून दुसऱ्यात जाते.

४. बर्फाला हद्द दिसत नाही, यंत्राला दिसते.

फेब्रुवारी २०१० चं वादळ इथले लोक विसरलेले नाहीत. डलेस विमानतळावर ३२ इंचांहून जास्त बर्फ नोंदला गेला. आमचा रस्ता सिटीत सुरू होतो आणि काउंटीत येऊन संपतो. व्हर्जिनियात १९३२ पासून काउंट्यांचे रस्ते राज्य सरकार सांभाळतं, आर्लिंग्टन आणि हेन्रिको एवढ्याच वगळून. सिट्या आपापले रस्ते स्वतः पाहतात. सकाळी सिटीचं यंत्र बर्फ ढकलत आलं, हद्दीपाशी पोचलं, पुढचं पातं वर उचललं, तिथंच वळलं आणि परत गेलं. त्या माणसानं आपलं काम चोख केलं होतं. पुढचा रस्ता त्याचा नव्हता. राज्याचं यंत्र आधी मोठ्या रस्त्यांवर, मग गल्ल्यांत, आमची पाळी उशिरा येणार होती.

आमच्या शेजारच्या आजोबांना त्या दिवशी डायलिसिसला जायचं होतं. माझा नवरा आणि समोरचा कोरियन शेजारी फावडी घेऊन उतरले. अर्ध्या तासानं सिटीच्या बाजूची पाच माणसं आली, न बोलवता. कंबरभर बर्फ कापत त्यांनी गाडीपुरती वाट केली. आजोबा वेळेवर पोचले.

५. रेघ कुणी आणि कशासाठी ओढली, ते विचारा.

हा धडा मला सगळ्यात उशिरा मिळाला आणि सगळ्यात खोल गेला. सुरुवातीला मला वाटायचं, हद्द म्हणजे मोजणीखात्याचं काम. ओढा, रस्ता, जुनी दगडी खूण बघून कुणीतरी रेघ मारली असेल. जुने दस्त वाचता वाचता त्या रेघांमागची माणसं दिसू लागली.

फॉल्स चर्च १८८७ मध्ये लहानसं टाऊन होतं. त्याच्या दक्षिण भागात यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांची वस्ती होती. त्यांची मतं गावच्या गोऱ्या पुढाऱ्यांना अडचणीची होती. त्यांनी तो भागच गावाबाहेर काढला, काउंटीला परत देऊन टाकला. गावाचा जवळजवळ एक तृतीयांश. जमीन हलली नाही, माणसं हलली नाहीत, हद्द तेवढी हलली आणि त्या लोकांचं गावातलं मत गेलं. आपल्याकडे गावकुसाबाहेर कुणाला ठेवलं हे ज्यांनी पाहिलंय किंवा सोसलंय, त्यांना मी यापुढं काही सांगायची गरज नाही.

गोष्ट तिथं संपली नाही. १९१५ मध्ये गावच्या कौन्सिलनं ठराव केला की कृष्णवर्णीयांनी गावात ठरवून दिलेल्या तुकड्यातच राहायचं. जोसेफ टिनर हे दगडकाम करणारे गवंडी आणि एडविन हेंडरसन हे शिक्षक, या दोघांनी शेजाऱ्यांना जमवून संघटना उभी केली आणि ठरावाला कोर्टात आव्हान दिलं. १९१७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं केंटकीतल्या एका खटल्यात असे कायदे घटनाबाह्य ठरवले आणि फॉल्स चर्चचा ठरावही निकामी झाला. त्यांची संघटना पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या राष्ट्रीय संस्थेची पहिली ग्रामीण शाखा बनली. टिनर हिलवर आज गुलाबी दगडाची उंच कमान आहे. माझ्या घरापासून फार लांब नाही. मुलगी दहा वर्षांची झाल्यावर मी तिला तिथं घेऊन गेले आणि दगडावर हात ठेवायला लावला.

रिचमंडची गोष्ट याहून मोठी. १ जानेवारी १९७० रोजी या राजधानीच्या शहरानं शेजारच्या चेस्टरफील्ड काउंटीतला २३ चौरस मैलांचा भाग हद्दीत घेतला. सत्तेचाळीस हजारांच्या आसपास माणसं आली, बहुतेक सगळी गोरी. शहरात कृष्णवर्णीयांचं प्रमाण ५२ टक्के झालं होतं, ते एका रात्रीत ४२ वर आलं. इथं हद्दवाढ पाणी-गटारासाठी नव्हती, बहुमतासाठी होती. कर्टिस होल्ट नावाच्या एका साध्या नागरिकानं खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि या भांडणात १९७० ते १९७७ रिचमंडमध्ये कौन्सिलची निवडणूकच झाली नाही. अखेर घेतलेला भाग शहरातच राहिला, पण वॉर्डनिहाय निवडणूक आली, पहिल्यांदा कृष्णवर्णीय सदस्यांचं बहुमत झालं आणि हेन्री मार्श महापौर झाले.

त्याच काळात शाळांचा खटला चालू होता. रिचमंडच्या शाळांतून गोरी मुलं हेन्रिको आणि चेस्टरफील्ड काउंट्यांत निघून जात होती. न्यायाधीश रॉबर्ट मेऱ्हिज यांनी जानेवारी १९७२ मध्ये तिन्ही ठिकाणच्या शाळा एकत्र करायचा आदेश दिला. वरच्या कोर्टानं तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयात १९७३ मध्ये चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली. नववे न्यायमूर्ती लुईस पॉवेल पूर्वी रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते म्हणून ते बाजूला राहिले. बरोबरी म्हणजे खालचा निकाल कायम. हद्द जिथं होती तिथं राहिली, आणि शाळाही. माझ्या मते व्हर्जिनियाच्या गेल्या शतकातली ही सगळ्यात महाग पडलेली रेघ आहे, आणि तिची किंमत मुलांनी दिली.

६. हद्दवाढ थांबवली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही.

सिटी काउंटीबाहेर असल्यामुळे इथं हद्दवाढीचा अर्थ वेगळा होतो. सिटी वाढली की काउंटीची जमीन, कर आणि माणसं कायमची जातात. म्हणून काउंट्या घाबरल्या. नॉरफोक शहर गिळेल या भीतीनं १९६३ मध्ये प्रिन्सेस ॲन काउंटी व्हर्जिनिया बीचमध्ये विलीन झाली, तर नॉरफोक काउंटीनं साउथ नॉरफोकला बरोबर घेऊन चेसापीक नावाची सिटी बनवली. दोन्ही काउंट्या नकाशावरून गेल्या. १९७४ मध्ये नॅन्समंड सफोकमध्ये गेलं. त्यामुळे सफोक नावाच्या सिटीत मैलच्या मैल शेतं आहेत, भुईमुगाची सुद्धा. पहिल्यांदा गेले तेव्हा दोन्ही बाजूंना शेंगांचं रान आणि पाटीवर ‘सिटी’. मला थेट कागल रस्ता आठवला.

१९८७ मध्ये विधिमंडळानं सिट्यांच्या हद्दवाढीवर स्थगिती आणली आणि तेव्हापासून ती वाढवतच नेली. भांडणं थांबली हे खरं. पण सिटीत जुने गरीब मोहल्ले, जुने पूल, जुनी इस्पितळं आणि करमाफ सरकारी इमारती, आणि हद्दीबाहेर नवे मॉल, नवी ऑफिसं, नवी घरं, हे चित्रही तिथंच गोठलं. हद्दवाढ नको म्हणणाऱ्या पाचगावात मी वाढले. शेतावर आरक्षण पडेल, घरपट्टी वाढेल, गावाचं कुणी ऐकणार नाही, ही भीती खरी असते, मी ती आमच्या सोप्यात बसून ऐकलीय. शहराची के.एम.टी. बस आमच्यापर्यंत यायची, आमची माणसं शहराच्या दवाखान्यात जायची, शहराच्या बाजारात माल विकायची, हेही तितकंच खरं. मग मोबदला कसा द्यायचा, याचं उत्तर मला शार्लट्सव्हिलमध्ये मिळालं.

७. हद्द तशीच ठेवून पैसा वाटता येतो.

मुलगी व्हर्जिनिया विद्यापीठात शिकायला शार्लट्सव्हिलला गेली. त्या सिटीला अल्बेमार्ल काउंटीनं सगळीकडून वेढलं आहे. १९८२ मध्ये दोघांनी करार केला: सिटीनं काउंटीची जमीन घ्यायची नाही आणि बदल्यात काउंटीनं दरवर्षी आपल्या उत्पन्नातला वाटा सिटीला द्यायचा. काउंटीच्या मतदारांनी तो मतदानानं मान्य केला. पाच वर्षांत राज्यानं हद्दवाढच थांबवली, तेव्हा काउंटीतले काही लोक म्हणू लागले की आता पैसे कशाला द्यायचे? ती कुरबूर अजून ऐकू येते. मुलीच्या घरमालकीणबाई काउंटीतल्या, त्या हिशोब घालून रागावायच्या.

मी मात्र करार करणाऱ्यांच्या बाजूची आहे. काउंटीतली माणसं सिटीत नोकरी करतात, सिटीच्या रस्त्यांवरून जातात, सिटीच्या मंडईत भाजी घेतात. त्याचा काही भाग परत द्यावा यात अन्याय कसला?

लहान करार तर जागोजाग आहेत. फेअरफॅक्स सिटीच्या शाळांच्या इमारती सिटीच्या, पण शाळा चालवते काउंटी, पैसे घेऊन. सिटीतलं मोठं वाचनालय काउंटीच्या वाचनालयांच्या साखळीत आहे. फॉल्स चर्चनं आपली पाणीयोजना २०१४ मध्ये फेअरफॅक्सच्या पाणी संस्थेला विकली आणि त्या व्यवहारात हद्दही थोडी सरकली: सिटीचं हायस्कूल ज्या जमिनीवर होतं ती आधी काउंटीत होती, ती सिटीत आली. आपल्याच शाळेची जमीन दुसऱ्याच्या हद्दीत, असं अर्धशतकाहून जास्त चाललं होतं.

८. बाल्टिमोर म्हणजे कोणतं बाल्टिमोर?

भाचा यू.एम.बी.सी.त एम.एस.ला आला तेव्हा भावाचा पाचगावातून रात्री फोन. ‘ताई, बाल्टिमोर लई डेंजर आहे म्हणतात, पोराला पाठवलंय खरं, जीव लागंना.’ मी त्याला विद्यापीठाचं पूर्ण नाव वाचायला सांगितलं: युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी. शेवटचा शब्द महत्त्वाचा. ते सिटीच्या हद्दीबाहेर आहे.

भावाची काळजी मिटली, माझी वाढली. कारण मग मी त्याला सगळं सांगितलं. १८५१ च्या राज्यघटनेनं बाल्टिमोर सिटी काउंटीपासून वेगळी झाली. १९१८ मध्ये तिनं शेवटची मोठी हद्दवाढ केली. १९४८ मध्ये घटनादुरुस्ती झाली की ज्या भागाला घ्यायचं त्या भागातल्या लोकांनी मतदानानं होकार द्यायला हवा. कोण देणार? १९५० मध्ये सिटीत ९,४९,७०८ माणसं होती, २०२० मध्ये ५,८५,७०८. नालाच्या आकारात तिला वेढणाऱ्या काउंटीत त्याच वेळी साडेआठ लाख. सेंट लुईसनं तर १८७६ मध्ये स्वतःहून काउंटी सोडली. ग्रामीण भागाचा खर्च आपण का सोसायचा, म्हणून. ६१ चौरस मैलांत ते शहर कायमचं बसलं. १९५० मध्ये ८,५६,७९६ लोक, २०२० मध्ये ३,०१,५७८. तेव्हा श्रीमंत शहरानं गरीब काउंटीला दूर केलं होतं. पैसा जागा बदलतो. रेघ नाही बदलत.

९. परतही जाता येतं.

साउथ बॉस्टन १९९५ मध्ये, क्लिफ्टन फोर्ज २००१ मध्ये आणि बेडफर्ड १ जुलै २०१३ रोजी सिटीपण सोडून टाऊन झालं, म्हणजे आपापल्या काउंटीत परत गेलं. बेडफर्ड १९६८ पासून सिटी होती. लहान गावाला स्वतःच्या शाळा, तुरुंगाचा खर्च, सगळी खाती झेपेनात. बेडफर्डमधल्या एका फाइलसाठी मी तिथल्या एका वृद्ध मालकिणीशी फोनवर बोलले होते. मी विचारलं, वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, मुलं तर आधीपासूनच एकाच शाळेत जात होती, आता आम्ही काउंटीच्या बोर्डालाही मत देतो. कमीपणा त्यांच्या आवाजात कुठंच नव्हता.

१०. घर बघायला जाल तेव्हा.

तळघर, छप्पर, वास्तू, शाळेचे गुण, सगळं बघा. पण त्याआधी तो पत्ता काउंटीच्या आणि सिटीच्या, दोन्ही संकेतस्थळांवर घालून पाहा. पाणी कुणाचं, रस्ता कुणाचा, शाळा कुणाची, गाडीचा कर कुठं, मत कुठं, हे एजंटला लेखी विचारा. मत द्यायचा हक्क मिळाला असेल तर तुमच्या सुपरवायझरचं किंवा कौन्सिल सदस्याचं नाव माहीत करून घ्या, आणि शेजारच्या सरकारशी करार करायची गोष्ट निघाली की सभेला जाऊन बोला. तिथं येणारी माणसं फार थोडी असतात.

आणि सही करायच्या आधी दस्त हातात घेऊन वाचा. मिळकत ‘सिटी ऑफ’ की ‘काउंटी ऑफ’, ते त्यात लिहिलेलं असतं.